मगदूमांची मुलगी कशात आहे?

“फारसी भाषा, प्राथमिक,” ताम्हाणे मॅडम मोठ्याने वाचत होत्या. “मातीकाम. न्यायदर्शनातील तर्कपद्धती. माळरानावरचे पक्षी. रंगमंचाची प्रकाशयोजना. खुणांची भाषा. मोजमापाचा इतिहास.” यादी पुढेही होती, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शलाका, हे तीन वर्षांचं शिक्षण आहे की जत्रेतला फेरफटका?”

“शिक्षण आहे, मॅडम,” समोर बसलेली मुलगी म्हणाली.

“मग यातलं सूत्र सांग.”

“सूत्र नाही, मॅडम.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली, पण या उत्तराने आलेला वैताग मला आजही जसाच्या तसा आठवतो. आमचे महाविद्यालय पुण्याबाहेर एका टेकडीच्या उतारावर होते आणि तिथे विद्यार्थ्याला हवे ते विषय हव्या त्या क्रमाने घेण्याची मोकळीक होती. या मोकळिकीचा हिशेब तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्यावा लागे. ज्याने एकच मुख्य विषय धरलेला नसेल, त्याने तीन सदस्यांच्या समितीसमोर येऊन आपले सगळे विषय जोडणारे सूत्र एका वाक्यात सांगायचे. समितीने ते मान्य केले की चौथ्या वर्षाचा प्रकल्प आणि पदवी. नाही केले, तर कुठला तरी एक विषय धरून त्याचा अभ्यासक्रम पहिल्यापासून करायचा. म्हणजे सरळ एक वर्ष जादा.

अधिष्ठाता म्हणून ताम्हाणे मॅडम समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या समाजशास्त्राच्या. दुसरे सदस्य इक्बाल मुकादम, तासिका तत्त्वावर फारसी शिकवणारे. हंगामी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून त्यांना घेतले होते. तिसरा मी, हेरंब सबनीस. विषय पदार्थविज्ञान. विज्ञानाच्या बाजूने कोणीतरी शंका घ्यायला हवी, म्हणून माझी नेमणूक झालेली होती आणि ते काम मी मनापासून करत असे.

त्या सकाळी आमच्यासमोर येऊन गेलेल्या प्रत्येकाकडे सूत्र होते. एकाकडे ‘मानव आणि अवकाश’ होते, एका मुलीकडे ‘स्मृतीचे राजकारण’. या सूत्रांमध्ये काय बसत नाही, असा माझा प्रश्न असे आणि त्याला समाधानकारक उत्तर कधीच मिळत नसे. पण निदान खोडून काढायला काहीतरी असे. ही मुलगी काहीच द्यायला तयार नव्हती.

ती माझी विद्यार्थिनी होती. मोजमापाचा इतिहास मीच शिकवत असे. शलाका मगदूम, जयसिंगपूरची. हुशार, भांडखोर, गृहीतक मांडल्याशिवाय आकड्याला हात न लावणारी. अशा मुलीचे विषय असे विस्कळीत असणे मला पटत नव्हते. मी एकेक शक्यता तपासायला घेतली.

“हे सगळे वर्ग दुपारचे होते का? सकाळी उठायला नको म्हणून?”

“नाही, सर. पक्ष्यांचा वर्ग उजाडायच्या आधी असायचा.”

“गुण सहज मिळतात, म्हणून?”

मुकादम हसले. “सबनीस सर, माझ्याकडे हिला वर्गात सगळ्यांत कमी गुण आहेत.”

“कुणी मैत्रीण वगैरे बरोबर होती?”

“नाही, सर.”

“मग चिठ्ठ्या टाकल्यास?”

“चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर तसं सांगितलं असतं, सर. तेही एक सूत्रच झालं असतं.” एवढे बोलून तिने एकदा मुकादमांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“बास!” ताम्हाणे मॅडम म्हणाल्या. “आपण चहा घेऊ. अर्ध्या तासाने ये आणि एक वाक्य घेऊन ये. एकच! मी ‘मानव आणि अवकाश’ मान्य केलंय, शलाका. माझ्या अपेक्षा फार नाहीत. सबनीस सर, तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्ही बोला हिच्याशी.”

मुलगी आमच्या आधी बाहेर पडली. मी तिच्या मागे निघालो, तो व्हरांड्यातल्या बाकावरून एक गृहस्थ उठून उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा.

“नमस्कार, सर. मी मगदूम. शलाकाचा बाबा. पंपांचं दुकान आहे आमचं जयसिंगपूरला. तिला न्यायला आलोय. झालं का?”

“अजून नाही.”

“एक विचारू का? रागावू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “ही कशात आहे?”

“म्हणजे?”

“लोक विचारतात हो. चार पाहुणे जमले की पहिला प्रश्न, मुलगी कशात आहे? माझ्या भावाचा पोरगा मेकॅनिकलला आहे. मेहुण्याची पोरगी फार्मसीला आहे. आमची कशात आहे? एकदा फारसी म्हणून सांगितलं, तर चुलते म्हणाले, त्यासाठी एवढ्या लांब पाठवलीस? नंतर एकदा पक्षी म्हणून सांगितलं. त्यावर कुणी काय बोललंच नाही.”

“आतसुद्धा हाच प्रश्न चालला आहे.”

“बघा!” त्यांना बरे वाटलेले दिसले. “लहानपणापासून अशीच आहे, सर. कुठं बसंल, काय करंल, नेम नाही. आता आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतंय. लग्नात शेवटच्या पंगतीची ही घाई! आणि वाढपी असले, की पंगत भरल्याबिगर वाढायला हात लावत नाहीत. चार म्हातारी माणसं पानावर बसल्यात, उन्हं उतरायला लागल्यात, आणि मधली दोन पानं रिकामी. ही आधीच्या पंगतीत जेवून उठलेली असायची. तरी जाऊन बसायची. तिची आई वरडायची, अगं, पोट फुटंल! तर म्हणायची, मी जेवत नाही, मी नुसती बसलीय.” ते स्वतःशीच हसले. “पानात टाकायचं नाही म्हणून उरलेलं मला संपवाय लागायचं, ते वेगळंच.”

मी काहीतरी विनयाचे बोलून त्यांच्यापासून सुटका करून घेतली. बालपणाच्या आठवणींना मी पुरावा मानत नाही. माणूस पुढे जो होतो, त्याला साजेशी एक आठवण घरात नेहमीच सापडते. पायऱ्या निम्म्या उतरून झाल्यावर मी थांबलो.

आमच्याकडे एक नियम होता. नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी ज्या विषयाला सहापेक्षा कमी विद्यार्थी असतील, तो विषय त्या सत्रापुरता रद्द. हा नियम मला कुठे शोधायला नको होता, कारण तो मीच मांडला होता. ‘ज्या विषयाला सहा माणसे मिळत नाहीत, त्याच्याबद्दल विद्यार्थ्यांनी आपले मत दिलेले आहे,’ असे मी त्या बैठकीत म्हणालो होतो आणि ते वाक्य मला बरेच आवडले होते.

शक्यता सुचली की ती तपासायला हवी. मुकादम व्हरांड्याच्या टोकाला चहा घेऊन उभे होते. मी परत वर गेलो.

“मुकादम सर, तुमच्या फारसीच्या वर्गात मुलं किती होती?”

“सहा. जेमतेम.”

“आणि शलाका कधी आली?”

“अगदी शेवटच्या दिवशी. मी शब्दकोश पिशवीत भरून निघालोच होतो. दार लोटून आली आणि म्हणाली, सर, जागा आहे का?” ते हसले. “मी म्हटलं, बाई, जागेशिवाय दुसरं काहीच नाही इथे. का हो?”

“काही नाही. सहज.”

एका निरीक्षणाने काहीही सिद्ध होत नाही. दुसरे निरीक्षण मात्र, दुर्दैवाने, माझ्याजवळच होते. माझ्या वर्गातही सहाच विद्यार्थी होते. विषय अवघड असल्यामुळे मुले बिचकतात, असे मी सहकाऱ्यांना सांगत असे. शलाका माझ्याकडे आली तो दिवस मला आता नीट आठवला. आत आल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलेच नव्हते. खुर्च्यांकडे पाहिले होते.

ती खाली मोकळ्या रंगमंचाच्या सिमेंटच्या पायरीवर बसली होती.

“सहा,” मी म्हणालो.

तिने न कळल्याचे नाटक केले नाही. “कोणी सांगितलं?”

“तुझ्या वडिलांनी. आपण सांगितलं, हे त्यांना माहीत नाही.”

“पंगतीचं सांगितलं ना?” ती वैतागली. “बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालासुद्धा सांगतात ते.”

“हे तू आत का सांगत नाहीस?”

“आत मुकादम सर आहेत.”

“मग?”

“मला फारसीची ओढ होती म्हणून मी आले, असं त्यांना वाटतं. आता आवडते मला. तेव्हा अलिफसुद्धा माहीत नव्हता. सर तासिकेवर आहेत. वर्ग चालला नाही तर ते नाहीत. आणि तुमच्या दोघांसमोर मी त्यांना म्हणू, की सर, तुमचा वर्ग मरायला टेकला होता म्हणून आले?”

“शलाका, हा निकषच चुकीचा आहे. विषय कुणाला नको असेल तर तो बंद पडला पाहिजे. नियम त्यासाठीच आहे.”

“तुमचा नियम.”

“माझाच. आणि तो अजूनही बरोबर आहे.”

“पहिल्या सत्रात मी एकच विषय मनापासून निवडला होता, सर. नकाशांचा. पाचजण होतो आम्ही. शेवटच्या दिवशी देवस्थळी मॅडम वर्गात आल्या. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, तरी त्यांनी तो पुसला, आणि म्हणाल्या, मुलांनो, दुसरं काहीतरी बघा. आम्हा पाचजणांना हवा होता ना तो विषय? मग ‘कुणाला नको’ म्हणजे कुणाला?”

“कुठेतरी रेषा ओढावी लागते.”

“ओढा की. मी रेषेवर जाऊन बसते.”

घड्याळाकडे पाहून मी व्यवहाराचे बोलायचे ठरवले.

“हे बघ. एक वाक्य हवं आहे ना? ‘अपुऱ्या पुराव्यावरून अनुमान.’ जुनी कागदपत्रं, मडक्यांचे तुकडे, न दिसणाऱ्या पक्ष्यांचे आवाज, हातांच्या खुणा. सगळं बसतं त्यात.” ते किती सहज बसले, हे पाहून मला स्वतःलाच धसका बसला.

“सर!” ती उभीच राहिली. “बिंदू आधी मांडून झाल्यावर त्यांच्यातून हवी ती रेषा काढता येते, आणि ती काहीच सिद्ध करत नाही, हे कुणी शिकवलं आम्हाला?”

“मी.”

“मग?”

“मग तुझं एक वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

“वर तुझे वडील बसले आहेत. पाहुण्यांना काय सांगायचं, हे विचारताहेत.”

तिचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. “ते नका काढू, सर.”

आम्ही पायऱ्या चढायला लागलो. न विचारता राहवले असते तर बरे झाले असते, पण अपुरी माहिती मला सहन होत नाही.

“माझ्या वर्गात पाचजण होते तर. आणि सहावी तू.”

तिने ओढणी सारखी केली. “तुमच्याकडे चार होते, सर. मी वसतिगृहातल्या एकीला ओढून आणली.”

खोलीत ताम्हाणे मॅडम कागद समोर ठेवून तयार बसल्या होत्या. मुकादम संपलेल्या चहात चमचा फिरवत होते.

“बोल,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, हे विषय मी निवडले नाहीत. जिथे जागा रिकामी होती तिथे बसले. यापुढचं मी सांगणार नाही.”

“रिकाम्या जागा नाटकाच्या थेटरातही असतात! त्याची पदवी देतं का कुणी?” मॅडमचा आवाज चढला. “सबनीस सर, अर्धा तास काय केलंत तुम्ही?”

मी उत्तर देण्याआधी मुकादमांचा चमचा थांबला. व्हरांड्यात मी त्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी तिथे सोडून दिलेला नव्हता.

“मॅडम,” ते सावकाश म्हणाले, “माझ्या वर्गात सहा मुलं होती. सहावी ही.”

ताम्हाणे मॅडमनी चष्मा लावला आणि यादी पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. प्रत्येक सत्रात कुठला विषय काठावर होता, हे अधिष्ठात्यांना पाठ असते. एकेका ओळीवर त्यांचे बोट थांबत गेले. शेवटच्या ओळींपैकी एकीवर थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

“मग मला इथे बसता यायचं नाही,” मुकादम म्हणाले. “माझा वर्ग हिच्यामुळे चालला. हितसंबंध असलेल्या सदस्याने बाहेर जावं, असा नियम आहे.”

“सर, मला फारसी खरंच—” शलाकाचे वाक्य अडकले.

“आवडते. माहीत आहे मला.” कप घेऊन ते उठले. “आवड नसलेल्या मुलांच्या चुका वेगळ्या असतात, बेटा. तुझ्या चुका मी तपासल्यात.”

दार हलकेच लागले. खोलीत आम्ही तिघे उरलो, त्यांतले सदस्य दोन. समितीच्या कामकाजाला किमान दोन सदस्य लागत. एकच उरला तर बैठक तिथेच संपणार आणि पुढची पुढच्या सत्रात होणार. तोपर्यंत शलाकाचे वर्ष गेलेले असणार. हा नियम माझा नव्हता. मी फक्त त्याच्या बाजूने हात वर केला होता.

“सबनीस सर,” ताम्हाणे मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, “तुमच्या वर्गाचंही—”

“हो. सहाच होते. आधी चार.”

“म्हणजे तुम्हालासुद्धा...”

“उठायला हवं.”

मी खुर्चीच्या हातांवर हात टेकवले. मुकादमांनी केले ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि मी त्यांच्याच जागी होतो. शलाका माझ्याकडे पाहत नव्हती. ती मुकादमांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती.

“तुम्ही उठलात तर बैठक संपली,” मॅडम म्हणाल्या.

“कल्पना आहे मला.” मी हात पुन्हा मांडीवर घेतले. “मॅडम, मी मत देणार नाही. चर्चेतही बोलणार नाही. मी नुसता बसलोय. नियमाविरुद्ध बसलोय, अशी माझ्या नावावर नोंद करा.”

शलाकाने झटकन वळून माझ्याकडे पाहिले.

“म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर!” ताम्हाणे मॅडमनी पेन उचलले, ठेवले, परत उचलले. “प्रत्येक वर्गात टिकलीस ना शेवटपर्यंत?” त्यांनी शलाकाला दरडावून विचारले.

“हो, मॅडम.”

“एकही सोडला नाहीस?”

“उठले असते तर वर्ग मोडला असता, मॅडम.”

मॅडमनी कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. मान्य करते मी. पण सूत्राच्या रकान्यात लिहू काय? ‘रिकाम्या जागा’? विद्यापीठ मला वेड्यात काढेल.”

चर्चेत बोलायचे नाही, असे मी नुकतेच म्हणालो होतो. पण हा मजकुराचा प्रश्न होता. “लिहून घ्या,” मी म्हणालो. “‘ज्ञानशाखांच्या सीमावर्ती क्षेत्रांतील सहभागाचा बहुआयामी अभ्यास.’”

मॅडमनी शब्द न शब्द लिहून घेतला. “याचा अर्थ काय होतो?”

“काहीच नाही.”

“छान,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

“सर, पण हे खोटं—”

“खोटं नाही,” मी शलाकाला म्हणालो. “खोटं ठरायला आधी अर्थ असावा लागतो. आता एक शब्दही बोलू नकोस.”

बाहेर मगदूम डबा धरून उभेच होते. मुकादम त्यांच्याशेजारी कठड्याला टेकले होते. दोघांची ओळख झालेली दिसत होती.

“झालं,” मी म्हणालो. “मान्य झालं.”

“देव पावला!” मगदूमांनी मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे वळले. “आता सांगा, सर. कशात आहे ही?”

मी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

“म्हणजे?”

शलाका जमिनीकडे बघत होती. मी चष्मा पुसला.

“म्हणजे इथेही पंगती भरत नाहीत, मगदूमसाहेब. त्या भरायला ती बसली होती. तीन वर्षं.”

“आत्ता!” त्यांचा चेहरा उजळला. “असं सांगा की! हे कळतंय आमच्यात.” मग त्यांना काहीतरी आठवले आणि त्यांनी काळजीने विचारले, “पण सर, जेवली का? का इथंबी नुसती बसली?”

पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, हे मी तिला सत्रभर शिकवले होते. माझ्या विषयापुरते मी सांगू शकलो असतो. इतर विषयांबद्दल माझ्याजवळ काहीच माहिती नव्हती, आणि तसे सांगायला मी तोंड उघडलेही होते.

“जेवली,” कठड्याजवळून मुकादम म्हणाले. “पानात काही टाकलं नाही.”